चाक हॉटेलच्या दारात, चर सिमेंटखाली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात पुण्याहून वाईला परत येत होतो. सोबत धाकटा भाऊ आणि भावजय होती. हायवेला एका हॉटेलपाशी चहाला थांबलो. गाडीतून उतरलो आणि दारातच पाय अडकले. हिरवळीच्या मधोमध काळ्या दगडाचं एक मोठं चाक उभं करून ठेवलेलं. त्याला पांढरा ऑइलपेंट दिलेला, मधल्या भोकात प्लास्टिकची फुलं खोचलेली, आणि पोरं त्याला टेकून फोटो काढत होती. मी जवळ जाऊन चाकाच्या कडेवरून हात फिरवला. दोन बोटं मावतील एवढी एक खपली तिथे उडालेली असणार, हे मला हात लावायच्या आधीच कळलं होतं. लहानपणी त्याच खपलीत पाय रोवून आम्ही भावंडं त्या चाकावर चढायचो. भावानंही ते ओळखलं. चहा न घेताच आम्ही निघालो.

हे चाक आमच्या गावच्या चुन्याच्या घाणीचं. वेशीबाहेर ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ आहे, त्याच्या मागच्या बाजूला ही घाणी होती. दगडांनी बांधून काढलेला गोल चर, मधोमध खुंट रोवायची जागा, आणि चरात उभं हे चाक. खुंटाला लाकडी कणा अडकवायचा, तो चाकाच्या भोकातून आरपार काढायचा आणि बाहेरच्या टोकाला बैल जुंपायचा. भट्टीतली भाजलेली चुनखडी पाण्यात विझवून, मुरवून, तिच्यात वाळू किंवा विटांचा चूर घालून चरात टाकायची, वरून पाणी शिंपडत राहायचं, आणि बैल फिरत राहायचा. गवंडी त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी असं काय काय घालत. माझ्या आजोबांनी ही घाणी चालू पाहिलेली होती. मी पाहिली ती बंदच.

पण मी गिरणीवाला आहे. बेचाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. कुठलाही दगड दुसऱ्या दगडावर फिरताना दिसला की तो नेमकं काय करतो हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून सात-आठ वर्षांपूर्वी एकदा मोजपट्टी घेऊन मी ती घाणी मोजली होती. चाकाचा व्यास साडेतीन फूट, जाडी तेरा इंच. आपला काळा दगड घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास भरतो, म्हणजे चाकाचं वजन आठशे किलोच्या पुढे. आता खरी गंमत पाहा. एवढं जाड चाक गोल चरातून फिरतं, तेव्हा त्याच्या बाहेरच्या कडेला आतल्या कडेपेक्षा लांबचा पल्ला मारावा लागतो. हिशेब केला तर एका फेऱ्याला जवळजवळ पावणेसात फूट जास्त. पण चाक तर एकसंध दगड! बाहेरची कड वेगळी आणि आतली वेगळी फिरू शकत नाही. म्हणून मधला भाग लोळतो आणि दोन्ही कडा चुन्याला घासत, ओढत जातात. नुसत्या दाबानं चुना चेपला असता. या घासण्यामुळे तो मळला जातो, लोण्यासारखा होतो. आमच्या घाणीच्या चाकाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त गोलसर झिजली होती. ती झीज म्हणजे ते यंत्र किती चाललं, कसं चाललं याचा लिहून ठेवलेला हिशेबच होता. त्यावर आता ऑइलपेंटचे दोन हात बसले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. चर मुरूम टाकून बुजवलाय आणि त्यावर गाड्या लावायला काँक्रीट केलंय. चराच्या कडेचे घडीव दगड देवळाच्या पायरीला लागलेत. विचारलं तर उत्तर मिळालं, "पडूनच होता की दगड, कुणाच्या कामाचा होता?" मी कुणावर तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. ज्यांनी दिला त्यांना तो पडलेला दगडच दिसत होता, ज्यांनी नेला त्यांना शोभेची वस्तू दिसली. ते यंत्र होतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. मोजमापाचा माझ्या वहीतला एक कागद सोडला तर त्या घाणीची कुठेही नोंद नाही. सांगणं हे माझ्यासारख्याचं काम होतं आणि ते मी केलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गिरण्यांचा वारसा म्हटलं की आपल्याकडे लोकांना मुंबईची गिरणी आठवते. ते बरोबरही आहे. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली तेव्हापासून ते १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपापर्यंत सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांची चूल तिथल्या पगारावर पेटली. माझे थोरले काका लालबागला होते. त्या चिमण्या, ती चाळ, ते भोंगे यांवर पुष्कळ लिहिलं गेलं, आणि अजून लिहिलं जावं. पण त्याआधीची आणि त्याच्या बरोबरीची जी गिरणी आपल्या गावागावांत होती, म्हणजे चुन्याची घाणी, तेलाचा घाणा, उसाचा चरक, घरातलं जातं आणि शेवटी पिठाची गिरणी, तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून कुणी पाहत नाही.

केंजळगडावर चढून गेलेल्यांनी तिथला चुन्याचा घाणा पाहिला असेल. कातळात कोरलेल्या पायऱ्यांचे फोटो सगळे काढतात, ते काढण्यासारख्याच आहेत. घाण्यापाशी मात्र कुणी थांबत नाही. गडावरचं बांधकाम ज्या चुन्यानं धरलं तो त्या जागी मळला गेला. चुनखडी आणि पाणी यांची सोय बघून, चढाव बघून कुणीतरी ती जागा ठरवली असणार. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. आपल्या जिल्ह्याचा प्रतापगड त्यात आहे, याचा मला फार आनंद झाला. त्या किल्ल्यांचे तट शेकडो पावसाळे उभे आहेत ते दगडाइतकेच चुन्याच्या जिवावर. वाईचे घाट आणि सरदार रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ दर पावसाळ्यात कृष्णेचं पाणी अंगावर घेतात. अशा जुन्या कामाला सिमेंट भरलं की आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही, ती दगडातूनच वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून जाणकार लोक दुरुस्तीला पुन्हा चुनाच मागतात, आणि चुना मळायला घाणी लागते. बैलाच्या जागी मोटर आली तरी तत्त्व तेच राहतं. म्हणजे ज्या यंत्राची गरज अजून संपलेली नाही, तेच आपण भंगारात काढतो आहोत.

आता थोडं माझ्या गिरणीविषयी, कारण मला काय म्हणायचं आहे ते त्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

वडिलांनी गिरणी घातली तेव्हा गावात वीज नव्हती. तेलाचं इंजिन होतं. त्याच्या धुराच्या नळकांड्यावर उलटा डबा अडकवलेला असायचा, त्यामुळे पुक-पुक-पुक असा आवाज पार मळ्यापर्यंत जायचा. आवाज ऐकला की बाया डबे घेऊन निघत. आधी गहू, मग ज्वारी-बाजरी, हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी, हा क्रम कधी मोडायचा नाही. दगड बोथट झाला की पीठ गरम यायला लागतं. वासावरूनही कळतं, पण खरी परीक्षा अंगठ्याची. पिठाच्या धारेखाली हात धरायचा, चिमूट घ्यायची आणि अंगठा तर्जनीवरून पुढे सरकवायचा. पीठ कणीदार आहे, मऊ आहे की मेलेलं आहे, हे त्या एका सरकवण्यात समजतं. मेलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते. बायका मग दारात येऊन सांगतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

मग दगडाला टाकी, म्हणजे पाथरवटाची छिन्नी, लावायची. चेनपुलीनं वरचा दगड उचलायचा, उलटा करून ओंडक्यावर टेकवायचा, पीठ झाडून काढायचं. एका सरळ फळीला ओला गेरू लावून ती दगडावरून फिरवायची. जिथे लाल डाग उमटतो तिथे उंचवटा. तो आधी टाकीनं उतरवायचा. मग खाचा. मध्याशी खोल, कडेकडे येताना उथळ, म्हणजे दाणा आधी फुटतो, मग भरडतो, मग कडेशी येईपर्यंत त्याचं पीठ होतं आणि खाचेतल्या वाऱ्यानं थंडही राहतं. वडील म्हणायचे, घाव दगडावर मारायचा नाही, दगडात मारायचा. हे कळायला मला तीन वर्षं लागली. टाकीच्या टोकाचे पोलादाचे बारीक कण उडून हाताच्या पाठीवर बसतात आणि कातडीखाली कायमचे राहतात. माझ्या डाव्या हातावर ते निळसर ठिपके आजही आहेत.

चार वर्षांपूर्वी लेकीनं हॉलंडला बोलावलं. ती रॉटरडॅमला नोकरीला आहे. तिनं आधी किंडरडाइकला नेलं. तिथे कालव्याच्या दोन्ही बाजूंना १९ जुन्या पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा १७३८ ते १७४० च्या सुमाराच्या. १९९७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. त्या चक्क्या दळत नाहीत, सखल जमिनीतलं पाणी उपसून वर टाकत. पण नाव चक्कीच. आपल्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्याही वीज करतात, दळत नाहीत, तरी शब्दात चक्की राहिलीच, याची तिथे आठवण झाली.

मला मात्र दगड पाहायचा होता. म्हणून लेक शिडॅम गावाला घेऊन गेली. जगातल्या सगळ्यात उंच जुन्या पवनचक्क्या तिथे आहेत. दारू गाळणाऱ्यांसाठी त्या धान्य दळत. तिथला गिरणीवाला साठीच्या पुढचा होता, आधी शाळामास्तर होता म्हणाला. मी गिरणीवाला असल्याचं लेकीनं त्याला सांगितलं. त्यानं हसून मान डोलावली, तशी पाहुण्यांपुढे डोलावतात. मग त्याची नजर माझ्या हाताकडे गेली. त्यानं माझा डावा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, ते निळे ठिपके पाहिले आणि स्वतःच्या बाहीचं बटण काढून आपला हात पुढे केला. तसेच ठिपके. पुढचा दीड तास लेकीला भाषांतर करायची फारशी गरज पडली नाही. त्यानं दगड उचलायची लाकडी यारी दाखवली, खाचांवरून माझा हात फिरवून घेतला, आणि शेवटी शिडं सोडून गिरणी चालू केली. पीठ पडायला लागलं तेव्हा त्यानं चिमूट घेतली आणि अंगठा तर्जनीवरून पुढे सरकवला. मीही चिमूट घेतली. पीठ किंचित गरम होतं. मी दगडाकडे बोट केलं, त्यानं मान हलवली.

लेकीनं मला मग सगळं वाचून दाखवलं. त्या देशात एकेकाळी दहा हजारांच्या आसपास अशा चक्क्या होत्या, आता हजार-बाराशे उरल्यात. त्या वाचवायला १९२३ साली तिथल्या लोकांनी संस्था काढली. इमारती वाचल्या, पण त्या चालवणारी माणसं म्हातारी होऊन जायला लागली. बंद पडलेली गिरणी आतून कुजते, तिला फिरवणारा हवा, हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून १९७२ साली हौशी गिरणीवाल्यांचा संघ निघाला. मास्तर, नर्स, सुतार, बँकेतले कारकून रीतसर शिकतात, परीक्षा देतात आणि सुटीच्या दिवशी गिरणी चालवतात. २०१७ साली युनेस्कोनं वारसा म्हणून मान दिला तो त्यांच्या या कारागिरीला, चक्की चालवण्याच्या कसबाला. गिरण्यांच्या अभ्यासाला मॉलिनॉलॉजी असं नाव आहे, आणि त्याची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६५ साली पोर्तुगालमध्ये भरली होती, हेही मला तिथेच कळलं.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की १७४४ ची. कित्येक किलोमीटर लांबून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी चक्कीवर पाडून तिथे फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी दळण व्हायचं. ती जागा लोक आजही बघायला जातात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. केवढं मोठं काम! पण ज्या जात्यावर त्या ओव्या म्हटल्या गेल्या, त्याच्या दगडात खाचा किती, कशा, कोणत्या खाणीचा दगड, कोणत्या पाथरवटानं टाकी लावली, हे आता कोण सांगणार? आमच्या आजोबांच्या काळी बैलावर चालणारा उसाचा लाकडी चरक असायचा. बाभळीच्या बुंध्याचे दोन उभे लाट एकमेकांच्या दातांत अडकून फिरत, त्यांना नवरा-नवरी म्हणत. पुढे लोखंडी चरक आले. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजेसाहेबांच्या जमिनीवर कारखाना काढला, तिथे लोखंडी नांगरांसारखेच उसाचे चरकही तयार झाले. बाभळीपासून बिडापर्यंतचा हा सगळा प्रवास आपल्या दोन जिल्ह्यांत घडला आहे. नवरा-नवरीची एक जोडी जरी कुणाच्या गोठ्यात माळ्यावर पडलेली असेल तर ती चुलीत घालू नका, एवढं तरी या पत्रातून मला सांगायचं आहे.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात जुन्या स्मारकांसाठी १९६० चा कायदा आहे, पण त्याचं संरक्षण जाहीर झालेल्या स्मारकांना मिळतं. ओढ्याकाठची घाणी कधीच जाहीर होणार नाही. म्हणून पुरातत्त्व खात्याची वाट न पाहता नोंद गावानंच करायला हवी. हे फार अवघड नाही. शाळेतली आठवी-नववीची मुलं, एक मोजपट्टी, एक वही आणि कुणाचा तरी मोबाइल एवढ्यावर एका रविवारी एका गावाचं काम होतं. चाकाचा व्यास, जाडी, चराची रुंदी, कड कुठे झिजली आहे, दगडावर काही अक्षर कोरलेलं आहे का, आणि ती चालू पाहिलेलं कुणी हयात आहे का, एवढंच लिहायचं. ही शेवटची गोष्ट सगळ्यात आधी करा, दगड थांबेल, माणूस थांबत नाही. ग्रामपंचायतीनं रस्ता, पार्किंग, सुशोभीकरण यांचं काम काढताना जागेवर घाणी असेल तर ठरावात तसा उल्लेख करायचा, म्हणजे निदान ठेकेदाराला कळेल. ज्या वाईत बसून मराठी विश्वकोशाचे खंड तयार झाले, त्या वाई तालुक्यात घाण्यांची एक साधी यादी होऊ शकत नाही, हे मला पटत नाही.

आणि एक घाणी चालू करावी. एकच. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो. त्या दिवशी तालुक्यातल्या एखाद्या घाणीत नवा कणा बसवून, बैल जुंपून, खरा चुना मळून दाखवावा, आणि त्याच चुन्यानं शेजारच्या देवळाची किंवा घाटाची एखादी सांध भरावी. मुलांनी त्यात हात घालून पाहावा. पहिल्या फेऱ्याचा आणि शंभराव्या फेऱ्याचा चुना बोटांना वेगवेगळा लागतो, हे हातालाच समजतं.

हॉटेलमालकांनाही चाक परत द्यायची विनंती आहे. त्या मालकांना मी पुन्हा भेटलो, चांगलं बोलले. चाक परत द्यायला त्यांची ना नाही, फक्त ते न्यायचा आणि ठेवायचा खर्च कुणी करायचा हा प्रश्न आहे. क्रेनचं भाडं मी देतो असं मी गावात सांगितलं आहे. चर उकरायला ग्रामसभेची परवानगी लागेल, तो अर्ज मी गेल्या सोमवारी दिला. त्यासोबत माझ्या वहीतल्या त्या कागदाची झेरॉक्स जोडली आहे, म्हणजे चर नेमका कुठे होता हे काँक्रीट फोडताना शोधत बसावं लागणार नाही.

माझी गिरणी बंद आहे, पण दगडांची जोडी, चेनपुली, गेरूची फळी आणि तीन टाक्या घरात जागच्या जागी आहेत. टाक्यांना धार आहे. कुणा मुलाला किंवा मुलीला दगडाला टाकी लावायला शिकायचं असेल तर बाजाराचा दिवस सोडून कधीही सकाळी नऊनंतर यावं. आपल्या कार्यालयाकडे माझा पत्ता दिलेला आहे, विचारणाऱ्याला तो द्यायला माझी हरकत नाही. येताना जुना सदरा घालून या आणि डोळ्यांना चष्मा लावा, कण उडतात.

आपला,
एक जुना गिरणीवाला
ता. वाई, जि. सातारा